इथेनॉलचा जेट संच: पूर्ण मुठीला उत्तम, अर्ध्या मुठीला अपुरा

कार्ब्युरेटरवाली मोटरसायकल इथेनॉलवर चालवण्यासाठी जो तयार जेट संच (जेट म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये इंधन मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) मिळतो, तो मी माझ्या दीडशे सीसीच्या, हवेवर थंड होणाऱ्या एकसिलिंडर गाडीला बसवला. त्यानंतर थंडी, ऊन, पाऊस सगळ्यांत गाडी रोज चालवली आणि आता खात्रीनं लिहिते आहे. संचातला माल चांगला आहे. भोकं अचूक आहेत, नळी उत्तम आहे, सीलं टिकली. पण हा संच अर्धा आहे. रोजच्या चालवण्यात ज्या भागाला सगळ्यात जास्त काम पडतं, तो कार्ब्युरेटरचा मधला भाग, म्हणजे पाव ते अर्ध्या मुठीला इंधन देणारी सुई, संच बनवणाऱ्यांनी जसाच्या तसा सोडून दिला आहे.

पाकिटात तीन मेन जेट (पूर्ण मुठीला इंधन देणारे) निघाले: १३५, १४० आणि १४५. माझ्या गाडीत मूळचा ११५ होता. सोबत गाडी स्लोला उभी असताना इंधन देणारा एक पायलट जेट (३८ च्या जागी ४५), व्हायटन या इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या टोकाची फ्लोट नीडल (बाउलमध्ये येणारं इंधन अडवणारी), फ्लोट बाउलची रिंग, हातभर इंधनाची नळी आणि एका पानाचं माहितीपत्रक. केहिन या कार्ब्युरेटर कंपनीच्या धाटणीच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, म्हणजे ११५ म्हणजे १.१५ मिलिमीटर. मिकुनी या दुसऱ्या कंपनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा प्रवाहाचा असतो. दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून बघू नका, गोंधळ होतो. माहितीपत्रकात याचा उल्लेख नाही, तो हवा होता.

जेट मोठे का करावे लागतात, हे नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. एक किलो पेट्रोल नीट जाळायला १४.७ किलो हवा लागते. एक किलो शुद्ध इथेनॉलला ९ किलोच पुरते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे. ई-८५ साठी, म्हणजे नावाप्रमाणे ८५ टक्के इथेनॉल आणि बाकी पेट्रोल असलेल्या इंधनासाठी, हा आकडा साधारण ९.८ येतो. इंजिन एका ओढीत जेवढी हवा घेतं तेवढीच घेणार, म्हणून त्याच हवेत दीडपट इंधन सोडावं लागतं. दीडपट इंधन म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ दीडपट. व्यास मात्र वीस-बावीस टक्क्यांनीच वाढतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या हिशेबानं बदलतं. ११५ ला हा हिशेब लावला की १४० च्या आसपास येतो. संचातले तीन आकडे अगदी योग्य जागी निवडले आहेत, याचं श्रेय बनवणाऱ्यांना द्यायलाच हवं. शुद्ध इथेनॉल वापरणाऱ्यांना १४५ लागेल.

माझी नोकरी प्रयोगशाळेत असल्यानं मोजपात्रं हाताशी असतात. म्हणून जेट खोलण्याआधी मी इंधनच तपासलं, आणि माझं मत असं की हे प्रत्येकानं करावं. ई-८५ या नावावर जाऊ नका. अमेरिकेच्या प्रमाणकात तर ई-८५ म्हणून विकल्या जाणाऱ्या इंधनात ५१ ते ८३ टक्के इथेनॉल चालतं. थंडीच्या दिवसांत पेट्रोल वाढवतात, म्हणजे गाड्या सुरू होतात. इंजेक्शनच्या फ्लेक्स गाडीला, म्हणजे पेट्रोल-इथेनॉलच्या कुठल्याही मिश्रणावर चालणाऱ्या गाडीला, हा फरक सांभाळता येतो. आपल्या कार्ब्युरेटरचं भोक ठरलेलं असतं, त्याला काही कळत नाही. तपासणी सोपी आहे. बुचाच्या मोजपात्रात ४० मिलिलिटर पाणी घ्या, त्यावर ५० मिलिलिटर इंधन ओता, बूच लावून हलवा, मधूनमधून बूच सैल करून वाफ जाऊ द्या आणि स्थिर होऊ द्या. इथेनॉल सगळं पाण्यात उतरतं आणि पेट्रोलचा थर वर तरंगतो. वर ८ मिलिलिटर राहिलं तर उरलेलं ४२, म्हणजे साधारण ८४ टक्के इथेनॉल. एखाद-दोन टक्क्यांची चूक होते, पण जेट निवडायला एवढं पुरतं. घरातल्या ज्योतीपासून, शेगडीपासून लांब, मोकळ्या हवेत करा. इथेनॉलची ज्योत निळसर असते आणि उन्हात जवळजवळ दिसतच नाही, हे कायम लक्षात असू द्या.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते. मिथेनॉल म्हणजे इथेनॉल नव्हे. मिथेनॉलला किलोमागे साधारण ६.४ किलोच हवा लागते, म्हणजे त्याचे जेट याहून कितीतरी मोठे. शिवाय ते धातू जास्त खातं आणि अंगावर, श्वासात जाणं धोक्याचं आहे. कुठलंही ‘स्पिरिट’ मिळालं म्हणून टाकीत ओतू नका. पाणी असलेलं इथेनॉल, ज्यात चार-पाच टक्के पाणी असतं, ते एकटं वापरायला चालतं. ब्राझीलमध्ये गाड्या त्यावरच चालतात. पण तेच अर्धंमुर्धं पेट्रोलमध्ये मिसळलं तर थंडीत पाणी आणि इथेनॉल खाली बसायची, पेट्रोल वर राहायची शक्यता असते. टाकीच्या तळातून कार्ब्युरेटरकडे काय येईल याचा मग भरवसा नाही.

आता नळी. या संचातली मला सगळ्यात आवडलेली वस्तू हीच. गाडीची जुनी नळी आणि संचातली नवी नळी, दोन्हींचे बोटभर तुकडे कापून मी दोन झाकणाच्या बरण्यांमध्ये ई-८५ मध्ये बुडवून ठेवले. जुन्या तुकड्याच्या बरणीतलं इंधन काही दिवसांत चहाच्या फिक्या रंगाचं झालं. बाहेर काढला तेव्हा तुकडा फुगलेला होता, दाबला की बोटाचा ठसा राहत होता, आणि आतल्या कडेवर नख फिरवलं की काळी भुकटी निघत होती. ती भुकटी गाडीत असती तर सरळ पायलट जेटमध्ये जाऊन बसली असती. नव्या नळीची बरणी शेवटपर्यंत स्वच्छ राहिली आणि तुकडा पहिल्यासारखाच कडक निघाला. बाकी सामानाचं म्हणाल तर व्हायटन आणि टेफ्लॉन इथेनॉलला चांगले तोंड देतात. कॉर्कचं गॅस्केट, नैसर्गिक रबर, पॉलियुरेथेन टिकत नाहीत. पॉलिएस्टर रेझिनची फायबरची टाकी असेल तर हा विचारच सोडा, रेझिन विरघळून इंजिनात जातं.

धातूंचाही प्रश्न आहे. इथेनॉल पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त वीज वाहून नेतं, आणि त्यात ओल असली की पितळेचा जेट आणि जस्ताच्या मिश्रधातूचा कार्ब्युरेटर यांच्यामध्ये गंज धरायला वाव मिळतो. ब्राझीलमध्ये १९७५ साली प्रोआल्कूल हा इथेनॉलचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि १९७९ पासून निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या मोटारी आल्या. त्यांच्या कार्ब्युरेटरना निकेलचा मुलामा देत असत, तो याचसाठी. आपल्या कार्ब्युरेटरला तो नसतो. माझ्या बाउलच्या तळाशी पावसाळ्यानंतर पांढरट भुरभुरीत थर दिसला, ब्रशनं निघाला, खाली खड्डे पडलेले नव्हते. मी आता बाउल वरचेवर उघडून बघते. संचाच्या माहितीपत्रकात ‘देखभालीची गरज नाही’ असं छापलं आहे, ते खोटं आहे आणि काढून टाकायला हवं.

बसवण्याचं काम अवघड नाही. कार्ब्युरेटर उतरवायला येत असेल तर जेट बदलायला फार वेळ लागत नाही. पण जेट घट्ट करताना हात हलका ठेवा, पितळ मऊ असतं. फ्लोट नीडल बदलल्यावर फ्लोटची उंची पुन्हा मोजा. त्याच वेळी पेट्रोल कॉकमधून किती प्रवाह येतो तेही बघा, कारण इथं पुष्कळ जणांचं घोडं अडतं. नळी मोजपात्रात सोडून मिनिटभर कॉक उघडा ठेवला आणि मोजलं. माझ्या इंजिनाला पूर्ण मुठीला मिनिटाला शंभर-सव्वाशे मिलिलिटर लागेल असा हिशेब होता. टाकी भरलेली असताना त्याच्या कितीतरी वर प्रवाह मिळत होता, पण टाकी रिझर्व्हला आल्यावर तो जेमतेम तेवढाच उरला. कॉकची जाळी काढली तर निम्मी चिकट तपकिरी राळेनं बुजलेली. जुन्या पेट्रोलचा टाकीत बसलेला हा थर इथेनॉल सोडवून आणतं. पहिल्या टाकीनंतर जाळी आणि फिल्टर साफ करणं बंधनकारकच समजा.

१४० चा मेन जेट घालून मोकळ्या रस्त्यावर पूर्ण मूठ दिली तेव्हा मन भरलं. गाडी वरच्या फेऱ्यांमध्ये मोकळी, गुळगुळीत ओढते. इथेनॉलमध्ये ताकद कमी असते असं ऐकलं होतं, आणि लिटरमागे ऊर्जा खरोखरच कमी आहे: पेट्रोलमध्ये लिटरला साधारण ३२ मेगाज्यूल, इथेनॉलमध्ये २१. पण इंजिनाची ताकद हवेवर ठरते. त्याच हवेत दीडपटीहून जास्त इथेनॉल जळतं, त्यामुळे हवेच्या प्रत्येक किलोमागे मिळणारी ऊर्जा दोन्हींत जवळपास सारखीच येते, इथेनॉलची थोडी जास्तच. वर थंडाव्याचा फायदा. द्रवाची वाफ होताना इथेनॉल पेट्रोलच्या जवळपास अडीचपट उष्णता शोषतं, आणि जातंही जास्त, म्हणून तेवढ्याच हवेला सुमारे चौपट गारवा मिळू शकतो. हा गारवा मी डोळ्यांनी पाहिला. दमट सकाळी, इंजिनाच्या पंखांना हात लावता येत नाही इतकं ते तापलेलं, आणि त्याच्या मागेच इनटेक मॅनिफोल्डला माठासारखा घाम फुटलेला, थेंब खाली गियरबॉक्सवर टपकत होते. उन्हाळ्यात चढाला लांबवर दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये ओढताना पेट्रोलवर जी खडखड यायची, ती पूर्ण गेली. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास असतो, नॉकिंगला, म्हणजे या खडखडीला, ते दादच देत नाही.

इथवर संचाला पैकीच्या पैकी गुण. अडचण पुढे आहे.

मूठ पाव ते अर्धी उघडली की गाडी दबायची. थोडी ओढायची, मग अडखळायची, मूठ सोडली की सायलेन्सरमधून फट्‌ असा आवाज. गर्दीतून, गल्लीबोळातून, एकसारख्या मध्यम वेगानं लांबवर जाताना आपण हाच भाग वापरतो. माहितीपत्रकात उपाय दिला आहे: जेट नीडलची (मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या सुईची) क्लिप एक खाच खाली करा, म्हणजे सुई वर उचलली जाईल. ते केलं. अर्ध्या मुठीच्या पुढे सुधारणा झाली, पाव मुठीला काहीही फरक पडला नाही.

माझ्या गाडीचं काम बघणारे मिस्त्री गाडी एक चक्कर मारून घेऊन आले आणि म्हणाले, “मॅडम, वरचं सोडा. तुम्ही दिवसभर गाडी पाव मुठीवर चालवता, तिथं मेन जेट कामच करत नाही. सुईचं बघा.” त्यांनी सायलेन्सरच्या बेंडला नट वेल्ड करून दिला आणि मी त्यात धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर बसवला. हा सेन्सर लॅम्डा दाखवतो, म्हणजे इंधन कुठलंही असो, मिश्रण बरोबर असेल तर १. एकाहून जास्त म्हणजे इंधन कमी पडतं आहे, कमी म्हणजे इंधन जास्त. पूर्ण मुठीला ०.८६ दिसलं, अगदी हवं तसं. पाव मुठीला १.२ च्या आसपास. मिस्त्रींनी कानानं आणि हातानं जे सांगितलं तेच आकड्यात आलं.

कारण असं. पाव मुठीला इंधन मेन जेटनं अडत नाही. ते नीडल जेट आणि त्यात लोंबणारी सुई यांच्या मधल्या कड्यासारख्या बारीक फटीतून येतं. सुईचा वरचा भाग सरळ असतो, निमुळता होत नाही. पाव मुठीला हाच सरळ भाग भोकात असतो, त्यामुळे सुई वर उचला नाहीतर खाली, फट तेवढीच राहते. क्लिपनं इथं काही साधत नाही. माझं नीडल जेट २.६० मिलिमीटरचं, सुईचा सरळ भाग २.५१ चा. फटीचं क्षेत्रफळ दीडपट करायचं तर सुई २.४६ ची हवी. जाडी फक्त पाच शतांश मिलिमीटरनं कमी. केसाहून बारीक फरक आहे, डोळ्यांना दोन्ही सुया सारख्याच दिसतात, मायक्रोमीटरशिवाय कळतच नाही. आणि सगळं रूपांतर या पाच शतांशांवर अडलेलं होतं.

कार्ब्युरेटरवाल्यांच्या तक्त्यातून २.४६ ची, त्याच उताराची सुई शोधून मागवली. क्लिप मधल्या खाचेत. पाव मुठीचा लॅम्डा ०.९८ ते १.०२ मध्ये आला आणि गाडी पहिल्यांदा खऱ्या अर्थानं इथेनॉलची झाली. दबणं गेलं, फटफट गेली, दुसऱ्या गियरवर हळू चालवताना साखळीचे झटके बसायचे तेही थांबले. माझ्या मते हा संच ‘पूर्ण रूपांतर’ म्हणून विकणं योग्य नाही. प्रत्येक कार्ब्युरेटरची सुई वेगळी असते हे मान्य, पण मग माहितीपत्रकात तो एक परिच्छेद तरी हवा: सुई मोजा, नीडल जेट मोजा, फट दीडपट करा. ज्यांना हे माहीत नाही ते १४५ चा मेन जेट घालून बघतात, पूर्ण मुठीला इंधन जास्त होतं, पाव मुठीला गाडी दबतच राहते, आणि शेवटी इथेनॉललाच नावं ठेवून पेट्रोलवर परत जातात. एका चांगल्या इंधनाचं नाव अशानं खराब होतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पायलट जेटबद्दल तक्रार नाही. ४५ चा बरोबर बसला, हवेचा स्क्रू दीड चक्कर उघडा ठेवल्यावर गाडी स्लोला शांत उभी राहते.

सकाळी गाडी सुरू होण्याबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं. इथेनॉलची वाफ थंडीत नीट होत नाही. पेट्रोल हे अनेक घटकांचं मिश्रण असतं, त्यातले हलके घटक थंडीतही उडतात आणि ठिणगीला पेट देतात. इथेनॉल एकच पदार्थ आहे, ७८ अंशांना उकळणारा, त्यात असे हलके घटक नाहीत. ई-८५ मधलं उरलेलं पेट्रोल तेवढं काम करतं. होंडानं २००९ साली ब्राझीलमध्ये सीजी १५० टायटन मिक्स ही पहिली फ्लेक्स-फ्युएल मोटरसायकल आणली, तिलाही १५ अंशांच्या खाली टाकीत निदान २० टक्के पेट्रोल ठेवावं लागे, आणि ती तर इंजेक्शनची गाडी. माझा अनुभव याच्याशी जुळतो. ऊबदार दिवसांत चोक ओढून सेल्फला लगेच घेते. गारठ्यात चोक ओढून, मूठ बंद ठेवून किक मारावी लागते आणि सुरू झाल्यावर मिनिटभर चोक सोडता येत नाही. कडाक्याच्या थंडीच्या दिवसांत मी टाकीत थोडं पेट्रोल वाढवते. प्रमाण ७० टक्क्यांवर आलं तरी याच जेटवर गाडी चालते, थोडी जड होते, एवढंच. निव्वळ पेट्रोल भरलं तर मात्र चालणार नाही: मिश्रण दीडपट जड होतं, प्लग काजळीनं भरतो. म्हणून जुने जेट आणि जुनी सुई डबीत घालून सीटखाली ठेवावी.

अॅव्हरेज कमी होतं. लिटरला पंचेचाळीसच्या आसपास देणारी माझी गाडी आता तेहतीस-चौतीस देते. नुसत्या ऊर्जेच्या हिशेबानं बत्तीस यायला हवं होतं, म्हणजे इंजिन इथेनॉल थोडं जास्त चांगलं वापरतं. टाकी तेवढीच, त्यामुळे पंप लवकर शोधावा लागतो. लांबच्या प्रवासात वाटेत इथेनॉल मिळणार नसेल तर या रूपांतराचा उपयोग नाही.

प्लगच्या रंगावरून मिश्रण ओळखायची सवय असलेल्यांनी ती इथं विसरावी. इथेनॉल इतकं स्वच्छ जळतं की प्लग पांढराच दिसतो, मिश्रण बरोबर असलं तरी. पांढरा प्लग बघून घाबरून जेट वाढवू नका. सेन्सर नसेल तर चढावर एका वेगाला धरून चोक किंचित ओढून बघा: गाडी उचलली तर इंधन कमी होतं, दबली तर पुरेसं आहे. हेही पूर्वीपासून चालत आलेलं तंत्र आहे आणि भरवशाचं आहे. ठिणगीची वेळ मी बदललेली नाही. कॉम्प्रेशन वाढवून, ठिणगी थोडी आधी आणून इथेनॉलचा आणखी फायदा घेता येतो, पण मग पेट्रोलवर परत येता येत नाही, आणि रोजच्या गाडीला ते मला पटत नाही.

इंजिन ऑइलकडे लक्ष ठेवा. जवळजवळच्या फेऱ्यांमध्ये इंजिन पुरतं तापत नाही, आणि न जळलेलं इथेनॉल व वाफेचं पाणी ऑइलमध्ये उतरतं. ऑइलचं झाकण काढलं तर आतून पिवळट फेसाळ साय दिसते. आठवड्यातून एकदा तरी गाडी चांगली तापेपर्यंत चालवली की ती उडून जाते. ऑइल मी आता आधीपेक्षा लवकर बदलते.

ज्यांच्या गाडीला फ्युएल इंजेक्शन आहे त्यांच्यासाठी हा संच नाहीच. तिथं इंजेक्टर उघडा राहण्याची वेळ वाढवावी लागते, आणि मूळ ईसीयू (इंजिनाचा संगणक) ऑक्सिजन सेन्सरच्या भरवशावर जेवढी भर घालतो ती दीडपटीपर्यंत पोचत नाही. कारखान्यातूनच इथेनॉलसाठी बांधलेल्या गाड्या वेगळ्या. टीव्हीएसनं २०१९ मध्ये आणलेली अपाचे आरटीआर २०० एफआय ई१०० तशी होती, नळ्यांपासून इंजेक्टरपर्यंत सगळं त्या इंधनासाठी. आपल्या गाडीचं इंधन बदलण्याआधी नोंदणी आणि विम्याचे नियम काय म्हणतात तेही विचारून घ्या.

कार्ब्युरेटर स्वतः उघडता येत असेल, जवळ मायक्रोमीटर असलेला समजूतदार मिस्त्री असेल आणि इथेनॉल नेहमीच्या वाटेवर मिळत असेल, तर हा संच बिनधास्त घ्या आणि त्यासोबतच आपल्या कार्ब्युरेटरच्या तक्त्यातून बारीक सुई मागवा. पाकीट विकत घेऊन गॅरेजमध्ये गाडी लावायची आणि संध्याकाळी तयार मिळेल अशी अपेक्षा असेल, तर घेऊ नका. संच बनवणाऱ्यांना मी माझ्या सुईचे आणि नीडल जेटचे आकडे, लॅम्डाच्या नोंदींसकट पाठवले. पुढच्या छपाईत सुईचा परिच्छेद घालू, असं त्यांचं उत्तर आलं आहे. घेणाऱ्यांनी पाकीट उघडल्यावर आधी माहितीपत्रकात तो परिच्छेद आहे का ते बघावं. नसेल तर वरचा हिशेब आपल्या सुईचे आकडे घालून करावा.